औषधाची बातमी कोण तपासणार?

आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरांची मुलगी यंदा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. परवा ओपीडी संपता संपता सिस्टर तिला घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. ''सर, हिला जरा समजावा. लॅबमध्ये चांगली नोकरी चालून आलीय आणि ही म्हणते, मला विज्ञान पत्रकार व्हायचंय. असलं काही करिअर असतं का हो?''

मी मुलीला विचारलं, हे कुठून सुचलं? ती म्हणाली, ''सर, २०२१ मध्ये बाबा ॲडमिट होते तेव्हा आईनं पाटल्या मोडून रेमडेसिविर आणलं. सहा कुप्या. नंतर कॉलेजात एका सेमिनारसाठी वाचताना कळलं, की त्या औषधानं मृत्यू टळत नाहीत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत त्याआधीच दिसलं होतं. मग तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं का नाही?''

सिस्टर खाली बघत होत्या. मीही. कारण त्या इंजेक्शनाची चिठ्ठी माझ्या हातची होती.

विज्ञान पत्रकारिता हे करिअर आहे का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याकडे अधिकार थोडाच आहे. मी डॉक्टर आहे, पत्रकार नाही. पण ती नसली तर काय होतं, हे मी वॉर्डात उभं राहून पाहिलंय. म्हणून हा लेख.

एप्रिल २०२१ आठवून पाहा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात रेमडेसिविरसाठी रांगा होत्या. ११ एप्रिलला केंद्रानं त्याची निर्यात थांबवली. राज्यात वाटपाचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. कुणी किती साठा अडवला, कोणत्या जिल्ह्याला किती कुप्या मिळाल्या, काळ्या बाजारात काय भाव चालला, यावर रोज पानंच्या पानं येत होती. त्या बातम्या खोट्या नव्हत्या. तुटवडा खरा होता, काळा बाजारही खरा होता. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एक गृहीत होतं: हे इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो आणि नाही मिळालं तर जातो. हे गृहीत कुणी तपासायला घेतलं नाही.

तपासायला लागणारी माहिती तेव्हा उपलब्ध होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीचे अंतरिम निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच जाहीर झाले होते. तीस देशांतल्या चारशेहून अधिक रुग्णालयांत ही चाचणी झाली. त्यात भारतही होता. रेमडेसिविर दिलेल्या २७४३ रुग्णांपैकी ३०१ दगावले. ते न दिलेल्या २७०८ रुग्णांपैकी ३०३ दगावले. म्हणजे दोन्हीकडे शंभरात अकरा. २० नोव्हेंबर २०२० रोजी संघटनेनं, रुग्णालयात दाखल असलेल्यांना हे औषध देऊ नये, अशी सशर्त शिफारस केली. आपल्याकडची दुसरी लाट त्यानंतर साडेचार महिन्यांनी आली.

पूर्ण बाजू सांगायची तर, अमेरिकेतल्या एका चाचणीत रेमडेसिविरमुळे बरं होण्याचा काळ १५ दिवसांवरून १० दिवसांवर आला होता. 'सॉलिडॅरिटी'चे अंतिम आकडे मे २०२२ मध्ये आले. त्यात व्हेंटिलेटरवर नसलेल्या, पण ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत थोडा फायदा दिसला. मृत्यूचं प्रमाण शंभरी १६.३ वरून १४.६ वर आलं होतं. म्हणजे औषध अगदी निरुपयोगी नव्हतं. पण ज्यासाठी पाटल्या मोडाव्यात, रात्रभर परजिल्ह्यात फिरावं, नाही मिळालं तर आयुष्यभर स्वतःला दोष द्यावा, असंही ते नव्हतं. त्या महिन्यात लोकांना हवी होती ती हीच मधली गोष्ट.

मला हे माहीत होतं का? अर्धवट होतं. एका वॉर्डात पन्नास रुग्ण, वर ऑक्सिजन कधी संपेल याचा नेम नाही, आणि दारात नातेवाईक उभे. ''डॉक्टर, इंजेक्शन लिहून द्या, आम्ही कुठूनही आणतो.'' सरकारी उपचारपद्धतीतही ते औषध पर्यायी म्हणून होतं. चिठ्ठी लिहायला अर्धा मिनिट लागत होता. ती का लिहीत नाही हे समजावायला वीस मिनिटं, आणि वर संशय: सरकारी डॉक्टर आहे, लपवतोय. मी चिठ्ठ्या लिहिल्या. वर्तमानपत्रानं आधी महिनाभर समजावून सांगितलं असतं, तर माझ्या वीस मिनिटांची दोन झाली असती.

स्वस्त औषधाची बातमी

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीनं डेक्सामेथासोनचे निष्कर्ष जाहीर केले. हे जुनं, काही रुपयांत मिळणारं स्टेरॉइड आमच्या स्टोअरमध्ये खोक्यांनी असतं. त्याचे आकडे असे होते. व्हेंटिलेटरवरच्या शंभर रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांवर ४१ दगावत होते, डेक्सामेथासोन दिल्यावर २९. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ चे २३ झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही. उलट अपाय होत असण्याची शंका शिल्लक राहिली.

यात तीन वाक्यं आहेत. बातमीत साधारणपणे एकच पोचलं: 'स्टेरॉइडनं जीव वाचतो'. तिसरं वाक्य गळालं. मग दुसऱ्या लाटेत ताप आला की पहिल्याच दिवशी घरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. काही आमच्याच व्यवसायबंधूंनी लिहून दिल्या, काही व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीतून घेतल्या गेल्या. मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण यायला लागले. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची दोन मोठी कारणं होती. एकाचा डोळा गेला, एकाचा वरचा जबडा काढावा लागला, असे रुग्ण मी पाहिले. सगळं खापर एका गळालेल्या वाक्यावर फोडता येणार नाही. पण वैद्यकातलं अर्धं सत्य किती महागात पडतं, हे मला तिथे कळलं.

प्लाझ्माचंही तसंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं स्वतः देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. आजार बळावणं किंवा मृत्यू, यांपैकी काहीही प्लाझ्मानं कमी झालं नव्हतं. संशोधन आपलं, रुग्ण आपले, पैसा आपला. तरी 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीनं हवा' हे निरोप पुढे सात महिने फिरत राहिले. १७ मे २०२१ रोजी प्लाझ्मा अधिकृत उपचारपद्धतीतून काढला गेला. दाते शोधत फिरलेल्या नातेवाइकांपैकी किती जणांना ऑक्टोबरमधली ती चाचणी ठाऊक होती?

नंतर काही बदललं का?

जानेवारी २०२५ मध्ये दोन आरोग्यविषयक बातम्या एकापाठोपाठ आल्या. पहिली एचएमपीव्हीची. 'चीनमधला नवा विषाणू' असा तिचा सूर होता. हा विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी ओळखला होता आणि दर हिवाळ्यात मुलांना सर्दी-खोकला देणाऱ्यांपैकी तो एक आहे. ही दोन वाक्यं पहिल्या दिवशी आली असती, तर आमच्या बालरुग्ण विभागातली निम्मी गर्दी झाली नसती.

दुसरी बातमी पुण्यातल्या गुलियन बॅरे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची. ती मात्र खरोखर गंभीर होती. काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. आणि पहिल्याच फटक्यात काही ठिकाणी शब्द आला 'जीबीएस विषाणू'. जीबीएस हा जंतूच नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात, त्या अवस्थेचं हे नाव. ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एका चुकीच्या शब्दामुळे बऱ्या होऊन घरी गेलेल्या रुग्णांना शेजारी टाळतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला शब्द जपून वापरण्याचं मोल कळतं. भाषेचीही इथे एक अडचण आहे. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही 'नस' म्हणतो आणि मज्जातंतूलाही 'नस' म्हणतो. 'नसांचा आजार' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे नेमकं काय येतं, याचा विचार लिहिणाऱ्यानं करायला हवा.

आता हीच बातमी विज्ञानाची जाण असलेला पत्रकार कशी करेल ते पाहा. जीबीएस एरवीही वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. पुण्यासारख्या पन्नास-साठ लाखांच्या शहरात वर्षभरात पन्नास ते सव्वाशे रुग्ण अपेक्षितच असतात. हे कळल्यावर एकेकट्या रुग्णाची दहशत कमी होते. पण त्याच हिशेबानं हेही कळतं की काही आठवड्यांत दोनशे, आणि त्यातला मोठा गट सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातला, हे सामान्य नाही. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: या लोकांचं सामाईक काय? काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. म्हणजे खरी बातमी आयसीयूत नव्हती. ती विहिरीत, जलवाहिनीत, क्लोरीनच्या मात्रेत आणि पालिकेत नव्यानं आलेल्या गावांच्या पाणीपुरवठ्यात होती. काही स्थानिक वार्ताहरांनी हा धागा चिकाटीनं धरला, त्यांचं कौतुक केलं पाहिजे. पण साथ ओसरली आणि धागाही सुटला. पाणी आज कसं आहे, हे पुन्हा विचारायला सहा महिन्यांनी कोण गेलं?

दोष नेमका कुणाचा?

पत्रकारांना नावं ठेवणं सोपं आहे. माझा अनुभव वेगळा सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोग्याची बातमी करणारा वार्ताहर त्याच दिवशी पालिकेची सभा, अपघात आणि एखादं उद्घाटनही करत असतो. अर्ध्या तासात बातमी द्यायची असते. त्याला एखादा शोधनिबंध वाचायला वेळ कुठून मिळणार, आणि तो वाचायला शिकवलाय कुणी? क्रिकेटसाठी स्वतंत्र माणूस असतो, शेअर बाजारासाठी असतो. आरोग्य आणि विज्ञानासाठी असा माणूस फार थोड्या मराठी वृत्तपत्रांकडे आहे.

दुसरा दोष आमचा, म्हणजे डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक उद्बोधक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांनी आरोग्यविषयक संशोधनावर काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली गेली. एक तृतीयांश पत्रकांत नुसत्या संबंधाला 'कारण' ठरवलं होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगातून माणसांबद्दल वाढीव निष्कर्ष काढणारी पत्रकंही ३६ टक्के होती. पत्रकात अशी अतिशयोक्ती असली की बातम्यांतही ती बहुतेक वेळा उतरली. पत्रक संयत असलं की बातम्याही बऱ्याच प्रमाणात संयत राहिल्या. म्हणजे पुष्कळदा पाणी उगमालाच गढूळ होतं. आमच्याकडेही नवं यंत्र आलं की 'देशात प्रथमच' आणि एखादी शस्त्रक्रिया झाली की 'अत्यंत दुर्मीळ' असं पत्रक निघतं. आणि वार्ताहर अडचणीचा प्रश्न विचारायला फोन करतो तेव्हा आम्ही तो उचलत नाही.

म्हणूनच विज्ञानाचा प्रसार आणि विज्ञानाची पत्रकारिता यांत फरक केला पाहिजे. मराठीत प्रसाराची परंपरा मोठी आहे. बाळशास्त्री जांभेकर स्वतः गणित शिकवणारे होते आणि १८३२ मध्ये 'दर्पण' काढताना ज्ञान मराठीत आणणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचं. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्याच कथास्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली आणि त्यातून त्यांचा मराठी विज्ञानकथेचा प्रवास सुरू झाला. गेल्या वर्षी, २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहून एका पिढीला विज्ञानाची गोडी लावली. हे काम अमोल आहे.

पत्रकारितेचं काम मात्र गोडी लावून संपत नाही. तिला विज्ञानाच्या नावानं चाललेल्या व्यवहाराला जाब विचारावा लागतो. एमएमआर लशीमुळे स्वमग्नता होते, असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा शोधनिबंध १९९८ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नामांकित नियतकालिकात आला होता. ब्रायन डिअर या पत्रकारानं २००४ पासून वर्षानुवर्षं कागद धुंडाळून त्यातले हितसंबंध आणि फेरफार उघड केले. २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. डिअर डॉक्टर नव्हते. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट'नं छापला, तेव्हा त्यातले ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचे आकडे सरकारी आकड्यांशी जुळत नाहीत, हा मुद्दा 'गार्डियन'च्या बातमीदारानं लावून धरला. शास्त्रज्ञही प्रश्न विचारतच होते. काही दिवसांतच, ४ जूनला, तो निबंध मागे घेण्यात आला. दोन्ही वेळा जगातल्या नामवंत तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट साध्या, चिकाटीच्या ताळ्यानं सापडली.

आपल्याकडे असं काम किती पडून आहे, याचं एकच उदाहरण देतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोग बसला, त्याचा अहवाल गाजला. त्यानंतर १९९८ मध्ये गुरगाव, २०२० च्या सुमारास जम्मूतलं रामनगर, २०२२ मध्ये भारतातून गेलेल्या औषधांच्या संदर्भात गॅम्बिया. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतली काही उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणली होती. तपासलेल्या औषधात याच विषारी द्रवाचं प्रमाण ४८.६ टक्के निघालं. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. चाळीस वर्षं, तेच रसायन, तीच चूक: कच्चा माल न तपासता औषधात घालणं. दर वेळी बातमी 'धक्कादायक' होती. हा धक्का नसून साखळी आहे, हे लक्षात येण्यासाठी मागची बातमी आठवणारा माणूस वृत्तपत्रात लागतो.

मग करिअरचं काय?

सिस्टरांचा प्रश्न पैशाचा होता आणि तो रास्त होता. खरं सांगायचं तर, केवळ मराठीत विज्ञान लिहून घर चालवणारी माणसं मला फार थोडी माहीत आहेत. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या एका लेखाच्या मानधनात शहरातलं घरभाडं निघत नाही. केंद्र सरकारची 'विज्ञान प्रसार' ही संस्था १९८९ पासून या क्षेत्रात होती, ती २०२३ मध्ये बंद झाली. म्हणजे एक दार मिटलंच.

तरी दारं अजिबात नाहीत असं नाही. संशोधन संस्थांना आपलं काम लोकांपर्यंत नेणारी माणसं हवी असतात. सार्वजनिक आरोग्यातल्या स्वयंसेवी संस्था, शैक्षणिक प्रकाशनं, विज्ञान केंद्रं, ध्वनिफिती आणि चित्रफितींची माध्यमं यांतही कामं निघतात. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये 'अवसर' ही लोकविज्ञान लेखनाची स्पर्धा सुरू केली, त्यातून काही जण लिहिते झाले. मात्र संस्थेच्या पगारावर संस्थेबद्दल लिहिणं ही प्रसिद्धी आहे. ते प्रामाणिक काम आहे, पण त्याला पत्रकारिता समजू नये. दोन्ही करायचं असेल तर ज्याच्याकडून पगार घेतो त्याच्याबद्दल बातमी लिहायची नाही, एवढं पथ्य हवं.

ज्याला यात यायचंय त्यानं काय शिकावं? वाचक म्हणून, आणि तुमच्या बातम्यांचे परिणाम निस्तरणारा डॉक्टर म्हणून, माझ्या अपेक्षा चारच आहेत.

पहिली, संख्याशास्त्र. 'धोका दुप्पट' हे वाक्य दिसलं की 'कितीचा किती?' हा प्रश्न विचारता आला पाहिजे. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठींचा धोका दुप्पट होतो, असा इशारा निघाला. तो दुप्पट म्हणजे सात हजारांत एकीचे दोघी झाला होता. पण घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात वाढले. गर्भारपणात गाठींचा धोका गोळ्यांपेक्षा जास्तच असतो.

दुसरी, मूळ निबंध वाचण्याची सवय. प्रयोग उंदरांवर की माणसांवर, किती जणांवर, कशाशी तुलना केली, पैसे कुणी दिले. एवढे चार प्रश्न विचारले तरी निम्म्या बातम्या गळून पडतात. भारतात होणाऱ्या औषध चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. चाचणी सुरू करताना काय मोजणार म्हणाले होते आणि शेवटी काय मोजून दाखवलं, हे ताडून पाहणं हीच एक बातमी असते. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये त्यावर खर्च होत आहेत. हा पैसा करदात्यांचा. मग स्वतंत्र पत्रकारांनाही त्यात जागा द्या, ही मागणी कुणीतरी लावून धरायला हवी.

तिसरी, मराठी. 'विषाणू' आणि 'जीवाणू' यांतला घोळ काही शब्दांपुरता नसतो. त्यातूनच सर्दीला प्रतिजैविकं मागितली जातात. सोपं लिहिताना चूक होऊ नये आणि अचूक लिहिताना वाचक पळू नये, ही तारेवरची कसरत आहे. त्यासाठी रोज एखाद्या शेजाऱ्याला वाचून दाखवावं. त्याला काय कळलं ते त्याच्याच शब्दांत ऐकावं.

चौथी, थांबण्याची तयारी. 'अजून ठाऊक नाही' हे वाक्य बातमीत लिहायला धाडस लागतं. आम्हा डॉक्टरांनाही लागतं.

आणि वृत्तपत्रांच्या संपादकांकडे एक विनंती. प्रत्येक जिल्ह्याला विज्ञान वार्ताहर देणं परवडणार नाही, हे मान्य. पण मुख्य कचेरीत असा एक माणूस ठेवा, ज्याला विचारल्याशिवाय 'रामबाण', 'नवा विषाणू' आणि 'शास्त्रज्ञांचा दावा' हे शब्द पानावर जाणार नाहीत. आपल्या भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयातले आणि विद्यापीठातले दहा-बारा जण निवडा, ज्यांना रात्री आठ वाजता फोन करता येईल. त्यांनी तो उचलावा यासाठी आम्हीही बांधील राहू.

शेवटी मुलीला मी सांगितलं, लॅबची नोकरी घे. नमुना कसा घेतात, चाचणी कुठे चुकते, अहवालावरच्या सहीमागे किती शंका असतात, हे दोन वर्षं आतून बघ. पुढे लिहिताना हाच अनुभव कामाला येईल. त्याच काळात दर महिन्याला एक लेख लिही, कुणी छापो न छापो. मग ठरव. आणि ठरवलंस तर आईनं अडवू नये.

सिस्टरांनी मान हलवली. मग जरा वेळानं त्यांनीच विचारलं, ''सर, म्हणजे ह्यांना त्या इंजेक्शनानं काहीच झालं नाही?''

मी म्हटलं, ''सिस्टर, एका माणसाकडे बघून ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यांना ऑक्सिजन चालू होता, तेव्हा थोडा उपयोग झालाही असेल. पण दहा दिवस जे स्टेरॉइड दिलं, त्याचा पुरावा जास्त भक्कम होता. ते आपल्याच स्टोअरमधलं होतं. फुकट.''

त्या काही बोलल्या नाहीत. मुलगी वहीत काहीतरी लिहून घेत होती.